सगळं आनंदाचं घडतंय, मग मन का लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई ६३ वर्षांच्या आहेत. पती चार वर्षांपूर्वी गेले. याच वर्षात त्या नोकरीतून निवृत्त झाल्या, धाकट्या मुलीचं लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात गेली, आणि मुला-सुनेकडे पहिलं बाळ येणार आहे. मुलगा म्हणतो, "आई, आता घर विकून आमच्याकडेच ये. बाळाचंही होईल आणि तुलाही आराम." बाईंना चित्रकला शिकायची आहे, ती इच्छा शाळेपासूनची. शिवाय जुन्या ओळखीतले एक विधुर गृहस्थ आहेत, त्यांच्याशी बोलणं-भेटणं वाढलंय. मुलांना हे अजून माहीत नाही. "सगळं चांगलं चाललंय आणि तरी मला रडू येतं. या वयात स्वतःचं काही नवं सुरू करणं हा स्वार्थ आहे का?"

ताई, ज्येष्ठांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या समुपदेशनाचं काम मी बरीच वर्षं करते. तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, ते सोडवून घेऊ. आधी रडण्याबद्दल बोलू, कारण लाज तुम्हाला त्याचीच जास्त वाटते आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घडामोडींची एक यादी प्रसिद्ध केली. एखादी घटना घडल्यावर विस्कटलेली घडी पुन्हा बसवायला माणसाला किती कष्ट पडतात, याला त्यांनी गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वात जास्त, १००. आता गंमत बघा: हे सगळं मोजायला त्यांनी मापदंड म्हणून घेतला होता तो लग्नाचा, म्हणजे आनंदाच्या प्रसंगाचा. त्याला ५० गुण. निवृत्तीला ४५, घरात नवं माणूस येण्याला ३९, मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाण्याला २९. घटना चांगली की वाईट हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तुमचं वर्ष या यादीवर ठेवलं तर निवृत्ती, मुलीचं जाणं आणि बाळाचं येणं मिळून ११३ होतात. त्यात घर बदललंत तर २० आणि राहणीमान बदलल्याचे २५ धरा, बेरीज १५८. त्या यादीप्रमाणे वर्षभरात १५० ओलांडले की आजारपणाची शक्यता वाढते. ही यादी ढोबळ आहे, कुणाचं भविष्य सांगायला ती वापरू नये. मीही वापरत नाही. पण 'सगळं चांगलं असताना मी अशी का वागते' असं म्हणत समोर बसलेल्या माणसाला मी ती जरूर दाखवते. तुम्ही अशा-तशा वागत नाही आहात. तुम्ही थकला आहात.

थकण्याचं दुसरं एक कारण आहे, ते यादीत सापडत नाही. तुमच्या पत्रातल्या घडामोडी पुन्हा वाचा आणि प्रत्येकीपुढे लिहा, हे कुणी ठरवलं? लग्न मुलीनं ठरवलं. बाळ मुला-सुनेनं. निवृत्तीची तारीख नोकरीच्या नियमानं. घर विकायची कल्पनाही मुलाचीच. तरुणपणीचे टप्पे आपण पार करतो: शिकतो, नोकरी धरतो, लग्न करतो. उतारवयातले बहुतेक कौटुंबिक टप्पे दुसऱ्याच्या आयुष्यात घडतात आणि आपल्याला फक्त नवीन नातं चिकटतं. मुलीनं सही केली आणि तुम्ही जावयाच्या सासू झालात. आता सून आई होईल आणि तुम्ही आजी व्हाल. यात वाईट काही नाही. पण वर्षभर सगळे निर्णय दुसऱ्यांचे आणि जुळवून घेणं मात्र तुमचं, असं झालं की आनंदाच्या प्रसंगातही माणूस पाहुण्यासारखा वावरायला लागतो.

म्हणून 'स्वार्थ आहे का' या प्रश्नाला माझं उत्तर इथेच देऊन टाकते: नाही. या वर्षात तुम्ही स्वतः ठरवलेली एक तरी गोष्ट असणं ही तुमच्या तब्येतीची गरज आहे. बाकीचं उत्तर ती कशी ठरवायची आणि कुठे घाई करायची नाही, याबद्दल आहे.

'या वयात' हे दोन शब्द तुमच्या पत्रात वारंवार येतात. शिकागो विद्यापीठातल्या बर्निस न्यूगार्टन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की प्रत्येक समाजाचं एक अलिखित वेळापत्रक असतं. शिक्षण कधी संपावं, लग्न कधी व्हावं, मूल कधी व्हावं, सगळ्याची वेळ ठरलेली, आणि आपण वेळेवर आहोत की मागे पडलोय हे माणूस सतत मनात पडताळत असतो. या वेळापत्रकाची मजा अशी की साठीच्या पुढे त्यात फारसं काही लिहिलेलंच नाही. 'आराम करा' एवढंच. कुणाची काही अपेक्षा नाही म्हणून पोकळी वाटते, आणि कुणाची काही अपेक्षा नाही म्हणून मोकळीकही मिळते. दोन्ही खरं आहे. येल विद्यापीठातल्या बेक्का लेव्ही यांच्या २००२ च्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ती माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. केवळ चांगलं मत ठेवल्यानं आयुष्य वाढतं असं यावरून कुणी म्हणू नये. तरी 'या वयात' हे शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो याकडे लक्ष ठेवावं, इतपत तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता घराचा प्रश्न, कारण तो सर्वात तातडीचा आणि सर्वात धोक्याचा आहे.

बदलांचा अभ्यास करणारे विल्यम ब्रिजेस १९८० पासून सांगत आले की कोणत्याही स्थित्यंतराची सुरुवात शेवटापासून होते. आधी काहीतरी संपतं, मग एक मधला काळ येतो ज्यात जुनं गेलेलं असतं आणि नवं उगवलेलं नसतं, आणि त्यानंतर खरी सुरुवात होते. माझ्या अनुभवात लोक सगळ्यात मोठे घोळ घालतात ते या मधल्या काळात, आणि तेही भल्या हेतूनं. रिकामं रिकामं वाटतं, ते सहन होत नाही. मुलांनाही आईकडे बघवत नाही. मग सगळे मिळून ती पोकळी एका मोठ्या निर्णयानं बुजवून टाकतात. घर विकलं, सामान वाटलं, पैसे मुलांच्या नावावर केले. सहा महिन्यांनी पोकळी आहे तिथेच असते, फक्त परतीची वाट बंद झालेली असते.

तेव्हा माझा नियम साधा आहे: जे उलटं फिरवता येत नाही ते पहिल्या वर्षात करायचं नाही. घर विकणं, मोठी रक्कम देऊन टाकणं, जागेच्या कागदपत्रांत नाव बदलणं, हे सगळं थांबवा. राहायला जायचं असेल तर दोन महिने जा, घर तसंच ठेवून. किल्ली तुमच्याकडे राहू दे. मुलाला सांगताना 'मला तुमच्याकडे यायचं नाही' असं म्हणू नका, कारण ते खरंही नाही आणि त्याला ते लागेल. असं म्हणा: "बाळ आल्यावर मी येते, दोन महिने राहते. घराचं मी पुढच्या वर्षी ठरवीन. तोवर तो विषय बंद." शेवटचं वाक्य गाळू नका. तारीख दिली नाही तर हा विषय दर आठवड्याला पुन्हा पानात येतो.

'आराम कर' या आग्रहाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो प्रेमापोटीच असतो. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, सगळं तुम्ही ठरवा. आणि एक रोपटं हवं असेल तर घ्या, काळजी मात्र तुमची तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. रोपटं देतो, पाणीही आम्हीच घालू. तीन आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, हसतमुख आणि फिरती दिसायला लागली. फरक सोयीसुविधांचा नव्हताच; ठरवायचं कुणी, एवढाच होता. तुमच्या मुलाला हा प्रयोग वाचायला द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांचा चेहरा हे ऐकून बदललेला मी पाहिला आहे. आईच्या हातातलं सगळं काम काढून घेणं ही सेवा आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

पतींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण ती मी दोनदा वाचली. मुलीच्या लग्नात ते नव्हते. बाळ येईल तेव्हाही नसतील. चार वर्षं झाली म्हणजे दुःख आवरलं असं सगळ्यांना वाटतं, तुम्हालाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार मला रोजच्या कामात सर्वात उपयोगी पडतो. दुःखात असलेला माणूस सरळ रेषेत 'बरा' होत जात नाही. तो दोन ठिकाणी ये-जा करत असतो: कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढच्या कामांकडे. दोन्हीकडे जाता येणं हेच निरोगी. एकाच जागी अडकणं काळजीचं, मग ती जागा कोणतीही असो. आणि कुटुंबातला प्रत्येक आनंदाचा प्रसंग माणसाला काही काळ मागे नेतोच. जागा रिकामी आहे हे त्या दिवशी जास्त दिसतं. मुलीच्या लग्नानंतर तुम्हाला रडू यायला लागलं यात मला नवल वाटत नाही.

यावर एकच उपाय सुचवते. त्यांचं नाव घ्या. कुटुंबात बहुधा असं होतं की मुलं आईला वाईट वाटेल म्हणून वडिलांचा विषय काढत नाहीत, आणि आई मुलांना वाईट वाटेल म्हणून काढत नाही. सगळे एकमेकांना जपत गप्प. बाळ आल्यावर कुणीतरी म्हणायलाच हवं की आज ते असते तर काय म्हणाले असते. ते 'कुणीतरी' तुम्ही व्हा. बाकीचे सुटकेचा श्वास सोडतील.

आता बाळाकडे येऊ. आजी होणं हा मोठा आनंद आहे, त्याबद्दल मी काय सांगणार! व्यवहाराचं मात्र सांगते. नातवंडं सांभाळण्याचे वाद मायेतून होत नाहीत. काहीच न ठरवल्यामुळे होतात. 'गरज लागेल तेव्हा येईन' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ मुलगा एक लावतो, सून दुसरा आणि तुम्ही तिसरा. आधीच विचारा: आठवड्यातले कोणते दिवस? किती वाजेपासून किती वाजेपर्यंत? मी आजारी पडले तर पर्याय काय? माझ्या वर्गाच्या दिवशी कोण? सुट्टी घ्यायची तर किती आधी सांगायचं? नोकरीत जे आपण बिनधास्त विचारतो ते घरात विचारायला आपल्याला संकोच होतो. आणि हे बोलणं मुलगा आणि सून दोघांसमोर करा. मुलाकडून सुनेला निरोप, सुनेकडून मुलाला, आणि त्याच्याकडून तुम्हाला, असा प्रवास केलेलं वाक्य कधीच जसंच्या तसं पोचत नाही.

बर्लिनमध्ये ७० वर्षांवरच्या ५०० हून जास्त लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २०१७ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. अधूनमधून नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा, अजिबात न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. मुळात ज्यांची तब्येत चांगली तेच सांभाळायला जातात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. संशोधकांनी तब्येतीचा हिशेब केला होता, तरी ही शंका पूर्ण पुसली जात नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा शब्द 'अधूनमधून' हा आहे. नातवंडाची पूर्ण जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते या अभ्यासात नव्हतेच.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड जागेची. बाळं वाढवण्याचे काही नियम तुमच्या वेळेपासून खरोखर बदलले आहेत. एके काळी अनेक देशांत डॉक्टरच सांगत, बाळाला पोटावर झोपवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सल्ला बदलला: बाळाला पाठीवरच झोपवायचं, अंथरूण घट्ट, भोवती उशी-खेळणी काही नको. अमेरिकेत ही मोहीम १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. 'आम्ही तीन मुलं अशीच वाढवली' हे खरं असलं तरी इथे उपयोगाचं नाही. बाळंतपणाआधी सुनेबरोबर एकदा तिच्या डॉक्टरांकडे जा आणि तुम्हीच विचारा की हल्ली काय बदललंय, तान्ह्या बाळाजवळ राहणाऱ्यांनी कोणत्या लशी घ्याव्यात. सुनेशी नातं जुळायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण सल्ला देणारी सासू तिनं गृहीत धरलेली असते. प्रश्न विचारणारी सासू बघून ती चकित होईल.

चित्रकलेबद्दल तुम्ही इतकं अपराधी लिहिलं आहे की मला हसू आलं. मेरी डेलनी नावाची एक इंग्रज स्त्री होती, जन्म १७०० चा. दोनदा विधवा झाली. दुसरा नवरा १७६८ मध्ये गेला, आणि चार वर्षांनी, वयाच्या बहात्तरीच्या सुमारास, एका जास्वंदी रंगाच्या कागदाचा तुकडा आणि शेजारचं फूल यांचा रंग हुबेहूब एक आहे हे तिच्या लक्षात आलं. तिनं कात्री घेतली आणि कागदाची पाकळी कापली. ती ज्यांच्याकडे पाहुणी होती त्या बाईंना ती खरी पाकळीच वाटली. पुढची दहा वर्षं, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, तिनं रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून वनस्पतींची जवळजवळ १,००० चित्रं केली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाखाणावीत इतकी ती अचूक आहेत. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे सांगते ते तुम्हीही हजार चित्रं काढावीत म्हणून नव्हे. तिच्या हातात आधीपासून भरतकामाची, कात्रीकामाची, बागेची सवय होती, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. उतारवयातली सुरुवात क्वचितच शून्यातून होते. तुम्ही नोकरीत कोणतं काम करत होता ते लिहिलेलं नाही, पण त्यातलं काहीतरी या चित्रांत उतरेल.

व्यवहाराची बाजू अशी: वर्ग निवडताना सोपा निवडू नका. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या लोकांचे गट केले. काहींना डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकवलं, म्हणजे खरोखर अवघड आणि नवं काही. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. दुसऱ्या गटाला एकत्र जमून गप्पा, खेळ, सहली. तिसऱ्यानं घरी बसून ओळखीचीच हलकी कामं करायची. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती नवं कौशल्य शिकणाऱ्यांत, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांत. नुसत्या गप्पागोष्टींनी मन रमतं, आणि तेही हवंच, पण ते वेगळं. म्हणून 'ज्येष्ठांसाठी विरंगुळा' असं जिथे लिहिलंय तिथे जाण्याआधी दोनदा विचार करा. जिथे चुका दाखवल्या जातात, जिथे घरी करायला काम मिळतं, जिथे वेगवेगळ्या वयाचे लोक आहेत, तिथे जा. पहिले काही आठवडे वाईट जातील. चांगल्या कामाची सवय असलेल्या माणसाला पुन्हा नवशिकं होणं फार झोंबतं, विशेषतः वरिष्ठ पदावरून उतरलेल्यांना. बहुतेक जण सोडतात ते याच टप्प्यावर, आणि बाहेर सांगतात की वेळ मिळत नव्हता.

शक्ती आधीसारखी नाही, याचंही काही तरी करावं लागतं. मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टिस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन यांचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरातही उत्तम कसं वाजवता, असं विचारल्यावर रुबिनस्टाईन यांनी सांगितलं की ते कमी रचना वाजवतात, त्यांचाच सराव जास्त करतात, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवतात, म्हणजे पुढचा जलद वाटतो. निवडा, त्यातच जोर लावा, आणि जिथे उणं पडतं तिथे युक्ती करा. चित्रकला, नातवंड आणि घर अशा तीन गोष्टी तुम्हाला करायच्या आहेत. तिन्ही पूर्ण जोरानं होणार नाहीत. एकीला हळू वाजवावं लागेल.

मध्येच एक वेगळी सूचना. कौटुंबिक समारंभात थकवा येतो, गर्दीत नको वाटतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. कान तपासून घ्या. गोंगाटात बोलणं न समजणं ही श्रवणदोषाची पहिली खूण असते, आणि बायका-पुरुष दोघंही ती वर्षानुवर्षं 'मला हल्ली गर्दी आवडत नाही' या वाक्याखाली लपवतात. तसंच रडू येणं, झोप मोडणं, भूक जाणं, कशातच गोडी न वाटणं हे सलग दोन आठवड्यांच्या पुढे रोज चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ यांची तपासणीही होऊ दे. नैराश्य हा वयाचा भाग नाही. त्यावर उपचार आहेत आणि साठीनंतरही ते चांगले लागू पडतात.

आणि एक छोटं काम. कागदावर एकात एक अशी तीन वर्तुळं काढा, मध्ये स्वतःला ठेवा. सर्वात आतल्या वर्तुळात ज्यांच्यावाचून चालणार नाही अशी माणसं लिहा, पुढच्यात जवळची, बाहेरच्यात नुसती ओळखीची पण उपयोगाची. रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि ती अजून वापरात आहे. वर्तुळं भरली की बघा: आतल्या वर्तुळात मुलं सोडून कुणी आहे का? नोकरीतली सगळी नावं गायब झाली का? निवृत्त झालेल्या बहुतेकांचं बाहेरचं वर्तुळ एका झटक्यात रिकामं होतं, आणि मग आतल्या दोन-तीन माणसांवर सगळा भार येतो. मुलाला 'आईला एकटं वाटतं' असं जे वाटतंय, त्यात त्याच्यावर पडलेला तो भारही आहे.

आता त्या गृहस्थांबद्दल.

तुम्ही त्यांच्याबद्दल शेवटी, अगदी ओझरतं लिहिलंत, आणि मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते त्यासाठीच. स्टॅनफर्डमधल्या लॉरा कारस्टेन्सन यांचं संशोधन सांगतं की पुढचा काळ मोजका आहे हे जाणवायला लागलं की माणूस ओळखींचा पसारा कमी करतो आणि ज्या नात्यांतून खरं समाधान मिळतं तिकडे वळतो. त्यामुळे वयस्कर माणसं एकंदरीत जास्त समाधानी असतात. तुमचं मन तिकडे ओढ घेतंय यात पतींशी प्रतारणा कुठेच नाही.

मुलांचा विरोध होईल असं धरून चाला, आणि झाला नाही तर आनंद माना. तो विरोध वरून एकच दिसला तरी आत तीन वेगळ्या भीती असतात. बाबांची जागा कुणी घेईल ही एक. घर, पैसा कुठे जाईल ही दुसरी. ही कुणी तोंडानं बोलत नाही. आणि तिसरी, उद्या या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं आजारपणही आपल्यावर येईल का. पहिल्या भीतीला वेळ हवा आणि थोडं आश्वासन. दुसरीला कागद हवा: मृत्युपत्र करा, खात्यांवरचे वारस तपासा, आणि पुन्हा लग्न केल्यास वारसाहक्क कसा बदलतो हे वकिलांकडून समजून घ्या, कारण हे नियम देशागणिक आणि धर्मागणिक वेगळे असतात. तिसरीचं उत्तर तुम्ही दोघांनी आधी एकमेकांना द्यायचं आहे. लग्न हाच एक मार्ग आहे असंही नाही. स्वीडन, नेदरलँड्ससारख्या देशांत उतारवयातली कितीतरी जोडपी नातं पक्कं ठेवून दोन वेगळ्या घरांत राहतात, आणि त्यातल्या अनेक स्त्रिया कारण अगदी स्पष्ट सांगतात: सोबत हवी आहे, पुन्हा चोवीस तासांची सेवा नको.

मुलांना सांगायचं कधी? दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी, एवढं नक्की. बाळंतपणाच्या आसपास मात्र नको. तेव्हा त्या घरात झोपही पुरेशी नसते. आता सांगा, किंवा बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर. मुलगा आणि मुलगी दोघांना एकाच दिवशी, वेगवेगळं. परवानगी मागू नका. मागितलीत तर त्यांना ती नाकारण्याचा हक्क आपोआप मिळतो. "मला हे तुमच्या कानावर घालायचंय, आज उत्तर नको" एवढं म्हणून विषय तिथेच थांबवा. पहिल्या दिवशी तोंडून निघालेल्या वाक्याला मुलांनाही बांधून ठेवू नका.

त्याआधी त्या गृहस्थांना काही गोष्टी सरळ विचारा. तब्येत कशी आहे, कोणती औषधं चालू आहेत? कर्ज आहे का, कुणाला जामीन आहेत का? त्यांच्या मुलांना तुमच्याबद्दल माहीत आहे का? आजारी पडल्यावर कुणी बघावं असं त्यांच्या मनात आहे? तुमच्या चित्रकलेच्या वर्गाच्या दिवशी ते काय करणार? एवढं ऐकून त्यांनी विषय हसण्यावारी नेला, किंवा मध्येच पैशाची काही अडचण पुढे केली, तर मुलांना सांगण्याची घाई करू नका. आणि त्यांनीही खिशातून चष्मा काढून स्वतःचे चार प्रश्न तुम्हाला विचारले, तर मुलीला फोन लावायला हरकत नाही.